मार्बलवर ॲसिड ओतलं, आता उरलेले पैसे द्यायचे का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. कोथरूडच्या घरात हॉलच्या मार्बलला सीलर (डाग मुरू नयेत म्हणून लावायचं द्रावण) मारायचं काम ८५,००० रुपयांना ठरलं, त्यातले ६०,००० तुम्ही दिलेत. गेल्या महिन्यात, सीलर मारण्याआधी, ठेकेदाराच्या माणसांनी सिमेंटचे डाग काढायला फरशीवर ॲसिड ओतलं. तुमच्या डोळ्यांदेखत फेस आला आणि वाळल्यावर फरशी पांढुरकी, खरखरीत झाली. त्यावरच सीलर मारून ठेकेदार मोकळा झाला. बिल नाही, कागद नाही. 'दगड नैसर्गिक आहे, आमची जबाबदारी नाही' म्हणतो आणि वर उरलेले २५,००० मागतो.

सध्या देऊ नका. पण नुसतं गप्पही बसू नका. काम सदोष आहे म्हणून रक्कम रोखली आहे, असं आजच त्याला लेखी कळवा.

तुम्ही पत्रात 'सीलर खराब निघाला' असं लिहिलंय. तक्रारीत ते वाक्य नको. सीलर दगडाच्या छिद्रांत तेल, चहा मुरू देत नाही. ॲसिडपासून तो मार्बलला वाचवत नाही. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड लागलं की वरचा थरच विरघळतो, म्हणून तर फेस येतो, आणि नंतर कितीही पुसलं तरी चमक परत येत नाही. घासून नव्याने पॉलिश करावं लागतं. दगडाचं काम करणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये याला सेवेतील त्रुटी म्हणतात. बिल न देणं ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे कागद नसल्याचा दोष तुमच्याकडे येत नाही. तोंडी करारही करारच असतो.

आता थोडं स्पष्ट बोलतो. जेवणाच्या टेबलाखालचे तीन गोल चट्टे लिंबाच्या सरबताचे असावेत, असं तुम्हीच लिहिलंय. ते दाव्यात घालू नका. एक खोटा चट्टा मिळाला की समोरचा वकील त्याच्या आधाराने सगळी फरशी खोटी ठरवू बघतो.

पुरावा मात्र लगेच गोळा करा. रात्री दिवे बंद करून टॉर्च जमिनीलगत आडवी धरा आणि फोटो काढा. ॲसिडने खाल्लेला भाग तिरप्या उजेडात स्वच्छ दिसतो. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, तो फोनही बदलू नका. असा डिजिटल पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. दुसऱ्या जाणकार फरशीवाल्याकडून पाहणीचा लेखी अभिप्राय आणि दुरुस्तीचं कोटेशन घ्या.

मग पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. दाद दिली नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि कामासाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील न लावता स्वतः बाजू मांडता येते. दुरुस्तीचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई मागा.

दिवाळीआधी फरशी घासून घ्यायची घाई आहे, हे समजतं. पण घासली की पुरावा गेला. तोवर माळ्यावर उरलेला मार्बलचा तुकडा जपून ठेवा. मूळ चमक कशी होती ते त्याच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही.