टर्मिनल सर्व्हर (ज्या एका मशीनवर सगळे लॉगिन करून काम करतात तो) नव्याने हाती घेतलास ना, मग आधी हे कर

सगळ्यांचे ॲडमिन अधिकार आजच काढ, तुझ्या रोजच्या लॉगिनचेसुद्धा. पण तेवढ्यावर थांबू नकोस. आमच्याकडे अकाउंट्समधल्या एका ताईंनी पीडीएफ बदलायचं फुकट सॉफ्टवेअर उतरवलं. ॲडमिन पासवर्ड लागलाच नाही, कारण ते थेट त्यांच्या प्रोफाइलमधल्या ॲपडेटा फोल्डरात (तिथे लिहायला ॲडमिन अधिकार लागत नाहीत) जाऊन बसलं. त्या लॉगिन झाल्या की गुपचूप सुरू व्हायचं. अँटिव्हायरस आठवडाभर गप्प.

यावर खरा उपाय ॲपलॉकर, म्हणजे कुठला प्रोग्रॅम चालू द्यायचा ते ठरवणारी विंडोजची सोय. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून तो सोबतच येतो. त्याचे डिफॉल्ट नियम लावले की साध्या युजरला प्रोग्रॅम फाइल्स आणि विंडोज या फोल्डरांतलंच चालवता येतं. मात्र एकदम लागू करू नकोस, सोमवारी सकाळी अख्खं ऑफिस अडेल. आधी दोन आठवडे 'ऑडिट ओन्ली'वर (अडवायचं नाही, फक्त नोंदवायचं) ठेव आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या ८००३ क्रमांकाच्या नोंदी रोज वाच. कामाचं काय अडलं असतं ते तिथे कळतं. ॲपलॉकर ज्यावर चालतो ती ॲप्लिकेशन आयडेंटिटी सर्व्हिस बंद असेल तर नियम कागदावरच राहतात, तेही बघ.

ब्राउझरची एक्स्टेंशन्स ॲपलॉकर अडवत नाही. ती ग्रुप पॉलिसीतून (सगळ्यांना एकाच जागेवरून सेटिंग लावायची विंडोजची सोय) सरसकट बंद कर, लागतील तेवढीच मोकळी ठेव.