तळघराचा कोबा : कोट निवडण्याआधी ओल कुठून येते ते पाहा

प्रश्न : सांगलीच्या गावभागात आमच्या दुकानाखाली २० बाय ३० फुटांचं तळघर आहे. पावसाळ्यात काँक्रीटचा कोबा काळपट पडतो, पोत्यांच्या बुडाला बुरशी धरते. दोन वर्षांपूर्वी इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा, कडक होणारा राळेचा कोट) मारलं, तर फुगे येऊन पोपडे निघाले. आता बुरशी न धरणारा कोणता कोट घ्यावा?

उत्तर : बुरशी काँक्रीटवर पोसत नाही. धूळ, ताग, पुठ्ठा हे तिचं खाणं, आणि ओल मिळाली की ती वाढते. त्यामुळे डब्यावर ‘अँटी-फंगल’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका. ओल जमिनीतून वर येतेय की हवेतून कोब्यावर बसतेय, हे आधी ठरवा.

त्यासाठी दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक कोब्यावर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. २४ तासांनी उचला. खालच्या बाजूला थेंब असतील किंवा तेवढाच चौकोन गडद झाला असेल, तर पाणी खालून येतंय. वरून ओलं आणि खाली कोरडं असेल, तर दमट हवा गार कोब्याला लागून पाणी सुटतंय. चार-पाच ठिकाणी तपासा, भिंतीलगत नक्की. आणि ही तपासणी जुलै-ऑगस्टमध्येच करा. कृष्णा भरून वाहते तेव्हा काठच्या वस्तीत भूजलही वर चढतं. एप्रिलमध्ये हाच कोबा कोरडा दिसेल आणि तुमची फसगत होईल.

तुमचं इपॉक्सी बहुधा याच कारणाने गेलं. इपॉक्सीचा थर वाफ बाहेर सोडत नाही. खालून येणारी ओल त्याच्या पोटात साठते आणि फुगे धरतात. एखादा फुगा टाचणीने फोडून पाहा, आत पाणी निघालं तर शंका उरणार नाही. अशा कोब्यावर पुन्हा इपॉक्सी, ऑइलपेंट किंवा व्हिनाइल घालू नका.

ओल खालून असेल तर क्रिस्टलाइन सिमेंट कोटिंग घ्या. ते काँक्रीटच्या छिद्रांत शिरून स्फटिक बनवतं, त्यामुळे पाणी अडतं. वाफ मात्र थोडी जात राहते. जुनं इपॉक्सी ग्राइंडरने पूर्ण काढून काँक्रीटची छिद्रं उघडी करा. राहिलेल्या तुकड्याखाली कोटिंग शिरत नाही, ही चूक सर्रास होते. भेगा आणि भिंत-कोब्याचा सांधा इंचभर खोल कोरून याच कोटिंगच्या पावडरीच्या घट्ट गोळ्याने भरा, पाणी बहुतेक वेळा तिथूनच घुसतं. मग कोबा धुऊन ओला करा, पण डबकं राहू देऊ नका. मापाने पाच भाग पावडरीला साधारण दोन भाग पाणी घ्या, तरी पिशवीवरचं प्रमाण शेवटचं. कालवलेला माल घट्ट होऊ लागला तर त्यात परत पाणी घालू नका. ताठ केसांच्या ब्रशने घासून दोन हात द्या. दर हाताला चौरस मीटरला ८०० ग्रॅम धरले, तर तुमच्या ५६ चौरस मीटरला सुमारे ९० किलो, म्हणजे २५ किलोच्या चार पिशव्या लागतील. पुढे तीन दिवस बारीक फवारा मारून ओलसर ठेवा. हे टाळलं तर वरची पूड हाताला येते.

ओल फक्त हवेतली असेल तर पाण्यात कालवायचं (वॉटर-बेस्ड) इपॉक्सी चालेल, पण ते फेब्रुवारी-मार्चमध्ये मारा. पावसाळ्यात मात्र एक्झॉस्ट फॅन दिवसभर चालवला तर बाहेरची दमट हवाच आत ओढली जाते. खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावा.

कोणताही कोट मारला तरी पोती भिंतीपासून फूटभर दूर, फळ्यांवर ठेवा. आणि २०१९ सारखा पूर तळघरात आलाच, तर पाणी एकदम उपसू नका. बाहेरची माती भिजलेली असताना आतलं वजन अचानक गेलं तर कोबा उचलला जातो, भिंतीही आत ढकलल्या जाऊ शकतात.

प्रश्न : वाईला आमच्या तळघरात कोब्यावर पांढरी पूड येते. ही बुरशीच का?

उत्तर : चिमूटभर पूड पाण्यात टाका. विरघळली तर तो खार आहे, म्हणजे पाणी खालून वर येतंय. कोरड्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतलात तर खार पुन्हा आत मुरतो. बुरशी विरघळत नाही, आणि तिला कुबट वास येतो. तिच्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर त्याच दिवशी तिथे ॲसिड ओतू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळघरातच साचून राहतो.