प्रसारण करारांमुळे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या कार्यक्रमांचा दर्जा खरोखर घसरतो का?

मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती यांची मिश्र लढत; ती भरवणाऱ्या यूएफसी या अमेरिकी संस्थेच्या दर शनिवारच्या साध्या कार्यक्रमांत हल्ली ओळखीची नावे सापडत नाहीत, यामागे वाहिन्यांशी झालेले मोठे करार आहेत की ही जुन्या चाहत्यांची नेहमीची कुरकुर आहे, असे तुम्ही विचारले आहे. करारांचा परिणाम निश्चित होतो. मात्र तो कराराच्या रकमेमुळे कमी आणि वाहिनी नेमके काय मोजून पैसे देते यामुळे अधिक होतो, असे मला इतक्या वर्षांच्या पाहण्यातून वाटते. कार्यक्रमांची संख्या मोजली जात असेल तर संख्या वाढते. एका संध्याकाळचे प्रेक्षक मोजले जात असतील तर गर्दी खेचणारी नावे पुढे येतात, मग त्यांना लढता येत असो वा नसो. आणि घरोघरी विकली गेलेली एकेक खरेदी मोजली जात असेल तर सगळे बळ शेवटच्या एक-दोन लढतींवर लावले जाते. दर्जा म्हणताना मी येथे तुल्यबळ जोड्या, कार्डाची (म्हणजे एका रात्रीच्या लढतींच्या यादीची) खोली आणि लढत अखंड पाहायला मिळणे एवढेच धरतो आहे. रोषणाई आणि कॅमेऱ्यांची संख्या हा वेगळा विषय आहे.

प्रसारणाने या खेळाला किती मुळापासून आकार दिला आहे, हे अगदी सुरुवातीच्या काळातच दिसते. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झालेला यूएफसीचा पहिला कार्यक्रम मुळात पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे त्या एका कार्यक्रमासाठी वेगळे पैसे भरून घरी पाहण्याच्या पद्धतीने, विकण्यासाठीच रचलेला होता, आणि त्या काळी लढतींना वेळेची मर्यादा नव्हती. डिसेंबर १९९४ मधील चौथ्या कार्यक्रमात रॉइस ग्रेसी आणि डॅन सेव्हर्न यांची अंतिम लढत पंधरा मिनिटांहून अधिक चालली. प्रसारणासाठी घेतलेली वेळ तोवर संपली आणि पैसे भरून बसलेल्या असंख्य प्रेक्षकांना ग्रेसीने सेव्हर्नला पायांच्या कैचीत अडकवून हार पत्करायला लावल्याचा क्षण दिसलाच नाही. पुढच्याच कार्यक्रमापासून वेळेची मर्यादा आली. आज आपण पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या हा खेळाचा स्वभावच मानतो, पण वेळेचे बंधन या खेळात प्रथम शिरले त्यामागे खेळाच्या शास्त्रापेक्षा उपग्रहावर भाड्याने घेतलेल्या वेळेचा वाटा मोठा होता.

हाच अपघात सात वर्षांनी पुन्हा घडला. नव्वदीच्या उत्तरार्धात अमेरिकेतील राजकीय विरोधामुळे मोठ्या केबल कंपन्यांनी यूएफसी दाखवणे बंद केले होते आणि त्यामुळे कंपनी जवळजवळ बुडाली होती. २००१ च्या आरंभी झुफा या कंपनीने ती सुमारे २० लाख डॉलरना विकत घेतली आणि २८ सप्टेंबर २००१ च्या यूएफसी ३३ द्वारे केबलवरील पे-पर-व्ह्यूचे दार पुन्हा उघडले. एवढ्या वर्षांनी मिळालेल्या संधीत आयोजकांनी एकाच रात्री विजेतेपदाच्या तीन लढती ठेवल्या. मुख्य कार्डावरील पाचही लढती पंचांच्या निर्णयापर्यंत गेल्या, वेळ उलटली आणि टिटो ऑर्टिझ विरुद्ध व्लादिमिर मात्युशेंको ही मुख्य लढत चालू असतानाच अनेक घरांतील प्रक्षेपण तुटले. कागदावर भरगच्च दिसणारे कार्ड प्रसारणाच्या चौकटीत बसले नाही तर ते वाईट कार्ड ठरते, हा धडा आयोजक त्या रात्री शिकले असावेत. नंतरच्या काळात मुख्य कार्डात मधे भरायला राखीव लढती ठेवण्याची आणि वेळ काटेकोर आखण्याची जी शिस्त दिसते, तिचे मूळ मी येथेच मानतो.

एका संध्याकाळचे प्रेक्षक मोजणाऱ्या व्यवहाराची तऱ्हा निराळी आहे. २००८ मध्ये एलिट एक्ससी या संस्थेला सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर संध्याकाळची मोक्याची वेळ मिळाली आणि तिने आपला सगळा डोलारा किंबो स्लाइस या एका माणसावर उभा केला. रस्त्यावरील मारामाऱ्यांच्या चित्रफितींमुळे तो इंटरनेटवर गाजलेला होता, पण व्यावसायिक लढवय्या म्हणून अगदीच नवखा होता. ४ ऑक्टोबर २००८ रोजी त्याचा प्रतिस्पर्धी केन शॅमरॉक ऐन दिवशी जखमी झाला, आयत्या वेळी सेथ पेट्रुझेली उभा राहिला आणि त्याने १४ सेकंदांत किंबोला खाली लोळवले. त्याच महिन्यात संस्थेने गाशा गुंडाळला. वस्तुतः त्या संस्थेकडे चांगले लढवय्ये होते. परंतु वाहिनीला हवी होती ती ओळखीची चेहरेपट्टी, आणि तिला पर्याय नव्हता. २०१६ च्या फेब्रुवारीत बेलाटर या दुसऱ्या संस्थेने ह्यूस्टन येथे किंबोलाच डाडा ५००० या दुसऱ्या रस्त्यावरच्या लढवय्यासमोर उभे केले. दोघेही काही मिनिटांत दमून झोकांड्या खाऊ लागले, डाडाला लढतीनंतर थेट रुग्णालयात न्यावे लागले, आणि तरीही स्पाइक वाहिनीवर सरासरी वीस लाखांच्या आसपास प्रेक्षक जमले. वाहिनीच्या हिशेबाने ती रात्र यशस्वी होती. मी ती लढत पाहिली आहे आणि पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही.

वाहिनीच्या चौकटीचा याहून सूक्ष्म परिणाम यूएफसीने फॉक्स या अमेरिकी वाहिनीशी केलेल्या करारात दिसला. २०११ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या या सात वर्षांच्या कराराचा पहिला कार्यक्रम योगायोगाने १२ नोव्हेंबर २०११ रोजी, म्हणजे पहिल्या यूएफसीच्या नेमक्या अठराव्या वाढदिवशी झाला. फॉक्सने तासाभराची वेळ दिली होती आणि त्यात केन व्हेलास्केझ विरुद्ध जुनिअर डॉस सँटोस ही हेवीवेट विजेतेपदाची एकच लढत दाखवायची असे ठरले. ती ६४ सेकंदांत संपली. त्याच रात्री, त्याच पिंजऱ्यात, बेन्सन हेंडरसन आणि क्ले ग्विडा तीन फेऱ्या जिवाच्या आकांताने लढले होते. नव्या प्रेक्षकाला या खेळाचे व्यसन लागावे अशी ती लढत होती, पण ती मुख्य वाहिनीवर दाखवलीच गेली नाही. येथे लढतींचा दर्जा उत्तम होता. उणी पडली ती दाखवणाऱ्याची चौकट.

फॉक्सच्या काळात आणखी एक गोष्ट घडली आणि तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिच्यात आहे. वाहिनीसमूहाला आठवड्यामागून आठवडे भरण्यासाठी थेट कार्यक्रम हवे होते, त्यामुळे वर्षाकाठी होणाऱ्या कार्यक्रमांची संख्या वाढत गेली आणि २०१४ मध्ये ती चाळिशीच्या बरीच पुढे गेली. विजेतेपदाच्या लढती मात्र त्या प्रमाणात वाढू शकत नाहीत, कारण एक विजेता वर्षातून दोनदा, फार तर तीनदा लढतो आणि त्याचे शरीर वाहिनीचे वेळापत्रक पाहून बरे होत नाही. मग एकेका कार्यक्रमाच्या वाट्याला एकच मोठी लढत येऊ लागली आणि ती मोडली की मागे काही उरेना. २०१२ च्या सप्टेंबरमधील यूएफसी १५१ डॅन हेंडरसनचा गुडघा दुखावताच आणि विजेता जॉन जोन्सने आयत्या वेळचा प्रतिस्पर्धी नाकारताच संपूर्ण रद्द करावे लागले. कार्ड खोल असते तर एका गुडघ्याने अख्खा कार्यक्रम कोसळला नसता. त्या वेळी बहुतेकांनी जोन्सला दोष दिला. मला तेव्हाही तो कार्ड रचणाऱ्यांचा दोष वाटला होता.

ईएसपीएन या क्रीडावाहिनीशी २०१८ मध्ये झालेल्या कराराने हे सूत्र पक्के केले. पाच वर्षांसाठी १५० कोटी डॉलर, वर्षाला ४२ कार्यक्रम आणि आरंभ जानेवारी २०१९. त्यानंतर मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतील पे-पर-व्ह्यूही ईएसपीएन प्लस या तिच्या इंटरनेटवरील सेवेकडे गेले, आणि त्यासाठीही मोठ्या प्रमाणात ठरावीक रकमेची हमी मिळू लागली. पूर्वी दुबळे कार्ड विकले जात नसे आणि आयोजकाला त्याची झळ थेट बसत असे. हमी मिळाल्यावर ती झळ बोथट झाली. कार्यक्रम झाला की पैसे मिळतात, तो किती रंगला यावर त्या रात्रीचे फारसे काही अवलंबून राहत नाही. २०२० मध्ये बाकीचे बहुतेक खेळ ठप्प असताना यूएफसीने ९ मे रोजी जॅक्सनव्हिलच्या रिकाम्या सभागृहात पुनरागमन केले आणि जुलैत अबू धाबीतील यास बेटावर तळ ठोकला. त्यात धाडस होतेच, पण ठरलेली संख्या पूर्ण केल्याशिवाय हक्कांचे पैसे पूर्ण मिळत नाहीत हा साधा हिशेबही होता.

महामारी सरल्यावरही लास व्हेगासमधील एपेक्स या कंपनीच्या स्वतःच्या छोट्या सभागृहातील कार्यक्रम चालू राहिले, आणि तुम्हाला फिक्या वाटणाऱ्या रात्री बहुधा याच आहेत. तेथे प्रवासाचा खर्च नाही, तिकीटविक्रीची चिंता नाही आणि कार्ड भरण्यासाठी कंटेंडर सिरीज या नवोदितांच्या निवडीसाठीच्या लढतींच्या मालिकेतून दर हंगामात नवे लढवय्ये मिळतात, ज्यांचा सुरुवातीचा मोबदला साधारण १० ते १२ हजार डॉलर आणि जिंकल्यास तेवढाच आणखी असतो. उत्पन्न ठरलेले असेल तर नफा वाढवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खर्च आवरणे, आणि लढवय्याच्या नावाला किंमत असते हे लक्षात घेतले की नावे का दिसत नाहीत ते उलगडते. अर्थात एपेक्सची एक बाजूही सांगायला हवी. तेथील पिंजरा २५ फुटांचा आहे, मोठ्या सभागृहांतील ३० फुटांचा. पळायला जागा कमी असल्याने लढती लवकर भिडतात. अनोळखी नावांच्या पुष्कळ लढती तेथे मला उत्तम वाटल्या आहेत. तुल्यबळ जोडी जुळली तर नावाचे महत्त्व पाच मिनिटांत संपते.

म्हणूनच एकूण खेळ खालावला असे मी म्हणणार नाही. गुणवत्ता कमी झाली नसून ती ठरावीक रात्रींसाठी साठवली जाते आहे. १३ एप्रिल २०२४ च्या यूएफसी ३०० मध्ये अगदी पहिल्या लढतीत डेव्हिसन फिगेरेडो आणि कोडी गारब्रँट हे दोन माजी विजेते समोरासमोर होते, आणि मॅक्स हॉलोवेने जस्टिन गेचीला पाचव्या फेरीच्या शेवटच्या सेकंदाला बाद केले. असे कार्ड उभे करायचे तर आजूबाजूच्या कित्येक शनिवारांना उपाशी राहावे लागते.

वेळेचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो सहसा दुर्लक्षित राहतो. २७ जुलै २०२४ रोजी यूएफसी ३०४ मँचेस्टरमध्ये झाले, पण अमेरिकेतील शनिवार रात्रीच्या वेळेशी जुळवण्यासाठी मुख्य कार्ड स्थानिक वेळेनुसार पहाटे तीनला सुरू झाले. लिऑन एडवर्ड्सला आपल्याच देशातील प्रेक्षकांसमोर पहाटे पाचच्या सुमारास विजेतेपद राखायला उतरावे लागले आणि तो बेलाल मुहम्मदकडून गुणांवर हरला. मुहम्मदलाही तीच वेळ होती, त्यामुळे पराभवाचे खापर घड्याळावर फोडणे योग्य नाही; परंतु झोपेच्या वेळी सर्वोत्तम कामगिरीची अपेक्षा करणे हेही खेळाच्या हिताचे नाही. ॲमेझॉनशी करार केल्यावर वन चॅम्पियनशिप या आशियाई संस्थेने आशियातील लढवय्यांना शनिवारी सकाळी लढायला लावले, तेही याच कारणाने.

वाहिनीची वाईट चौकटही वाहिनी नसण्यापेक्षा बरी असते, हेही मान्य करायला हवे. जून २००६ मध्ये गुन्हेगारी संबंधांच्या आरोपांनंतर फुजी टीव्हीने जपानच्या प्राइड या संस्थेशी संबंध तोडले, आणि त्या काळी कदाचित जगातील सर्वोत्तम लढवय्ये बाळगणारी ही संस्था वर्षभरात यूएफसीच्या मालकांना विकली गेली.

आता यूएफसीचा पॅरामाउंट या माध्यम कंपनीशी ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेला करार पाहा: २०२६ पासून सात वर्षे, एकूण ७७० कोटी डॉलर, वर्षाला १३ मोठे आणि ३० साधे कार्यक्रम, आणि अमेरिकेत पे-पर-व्ह्यूची अखेर. वेगळे पैसे न भरता सगळे पाहायला मिळणार म्हणून चाहत्यांनी आनंद मानला, आणि तो रास्त आहे. तरी मोठ्या रात्रीही आता वर्गणीदार टिकवण्याच्या हिशेबात आल्या आहेत, आणि एखादी रात्र विकली गेली नाही तर फटका बसेल ही शेवटची धास्तीही गेली आहे. मी मुख्य लढत पाहून मत बनवणार नाही. त्या ३० साध्या कार्यक्रमांत क्रमवारीतील पहिल्या पंधरांपैकी दोघे एकमेकांसमोर किती वेळा येतात, आणि मुख्य लढत मोडल्यावर तिची जागा घेऊ शकेल अशी दुसरी लढत कार्डावर असते का, हे मी वर्षभर मोजणार आहे.