गर्भपात केला की पुढे मूल होत नाही का? फार्मसीतून गोळ्या आणून घेतल्या तर चालतात का?

तुम्ही लिहिलंय की पहिलं मूल दीड वर्षाचं आहे आणि पाळी पंधरा दिवस चुकलीय. सासूबाई म्हणतात, एकदा पाडलं की कूस कायमची बिघडते. मडगावात फार्मसीवाला चिठ्ठीशिवाय गोळ्या द्यायला तयार आहे.

तशा घेऊ नका.

सासूबाईंची भीती उगीच नाही. पूर्वी काडी, मुळी घालून पाडायचे. त्यातून जंतू आत जायचे, गर्भनलिका चिकटून बंद व्हायच्या आणि मग दिवस राहत नसत. असे मृत्यू आणि दुखणी थांबावीत म्हणून तर गर्भपाताला परवानगी देणारा 1971 चा कायदा आला. लवकर आणि निर्जंतुक पद्धतीने केलेल्या गर्भपाताने कूस बिघडत नाही. स्तनाच्या कॅन्सरचीही भीती घालतात. 2004 मध्ये 16 देशांतल्या 53 अभ्यासांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा तसा संबंध सापडला नाही. गर्भपात मनाला, धर्माला पटतो की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. त्यासाठी शरीराची खोटी भीती कुणी घालू नये.

आता गोळ्या. पाकिटात मिफेप्रिस्टोनची 200 मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या चार असतात. पहिली गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला अडवते. दीड-दोन दिवसांनी घ्यायच्या चार गोळ्या गर्भाची पिशवी आकुंचित करतात. आपल्याकडे या नऊ आठवड्यांपर्यंत देतात. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचे, म्हणजे तुमचे साधारण सहा झाले. वेळ आहे, तेव्हा आधी सोनोग्राफी करा. गर्भ नलिकेत अडकला असेल तर या गोळ्यांनी तो जात नाही. अंगावरून मात्र जातं, बाई समजते की मोकळी झाले, आणि पुढे नलिका फुटून पोटात रक्त साचतं. एका बाजूला तीव्र कळ, खांद्यात दुखणं, भोवळ, यातलं काहीही झालं तर थांबू नका.

हिमोग्लोबिन आणि रक्तगटही बघून घ्या. गट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा, ते पुढच्या बाळाला त्रास होऊ नये म्हणून देतात. तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते.

कळा आणि पाळीपेक्षा जास्त रक्त जाणं अपेक्षितच आहे. पण तासाला दोन जाड पॅड भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर 108 ला फोन करा. ताप किंवा घाण वास आला तरी लगेच दाखवा. दोन आठवड्यांनी तपासणी चुकवू नका. काही राहिलं असेल तर पिशवी साफ करावी लागते. तेव्हा खरवडण्याऐवजी व्हॅक्यूमने होईल का, हे जरूर विचारा. लघवीची चाचणी काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, तिच्यावरून घाबरू नका.

मडगावचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे. अठरा पूर्ण असतील तर तुमची एकटीची सही पुरते. नवऱ्याची मागितली तर कायद्यात ती नाही, असं ठामपणे सांगा. तुमचं नाव बाहेर फोडणं हा गुन्हा आहे.

आणि पाळीची वाट बघत बसू नका, दोन आठवड्यांतसुद्धा पुन्हा दिवस राहू शकतात. गर्भनिरोधकाचं त्याच भेटीत ठरवा.