जोडीदार सैन्यात, पोस्टिंग सीमेवर, मी ठाण्यात. आम्ही दोघंही पुरुष. नात्यावर काय परिणाम होईल?
अंतर एकवेळ झेपतं. जड जातं ते हे, की युनिटच्या कागदांवर तुम्ही त्याचे कुणीच नसता. ठाणे कोर्टात वकिली करतो, त्यावरून सांगतो. २०१८ मध्ये असं नातं गुन्हा राहिलं नाही, पण सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मिळाला नाही. म्हणजे फॅमिली क्वार्टर नाही, आणि काही बरंवाईट झालं तर फोन त्याच्या घरी जाणार. त्याच्या घरातल्या एखाद्या भरवशाच्या माणसाला आत्ताच सांगून ठेवा. जॉइंट खातं काढा, एकमेकांना नॉमिनी करा. त्याला आडकाठी नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. मात्र नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, मृत्युपत्र हवंच. युनिटमध्ये बोलायचं की नाही, ते त्यालाच ठरवू द्या. लष्करी कायदा वेगळा आहे, नोकरीवर बेतू शकतं.