मस्टरवरची लाल रेघ

प्रश्न : लातूरच्या एमआयडीसीत माझी डाळमिल आहे, माणसं २३. सॉर्टेक्सवरचा, म्हणजे डाळ निवडणाऱ्या मशीनवरचा ऑपरेटर सात वर्षं जुना. जूनमध्ये मिरगाच्या पेरणीला म्हणून चार दिवसांची रजा घेऊन गावी गेला, तो २२ दिवस आलाच नाही. फोन बंद. मी मस्टरवर त्याच्या नावावर लाल रेघ मारली, दुसरा माणूस घेतला. आता त्याच्या वकिलाची नोटीस आलीय : कामावर घ्या, मागचा पगार द्या. काम त्यानंच सोडलं ना? नोकरीला लागताना सही करून घेतलेला त्याचा कोरा बाँड माझ्याकडे आहे. त्यावर राजीनामा टाइप केला तर?
– एक मिलमालक, लातूर

उत्तर : तो बाँड कपाटातून काढूच नका. एकोणीस वर्षं मी मालकांच्याच बाजूनं उभी राहते, म्हणून हक्कानं सांगते. वाळूजच्या एका कारखानदारानं असाच राजीनामा कामगार न्यायालयात दाखल करून मग प्रकरण माझ्याकडे आणलं. राजीनाम्याची तारीख १२ मे, मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का २ जूनचा. समोरच्या वकिलानं कागद नुसता उलटा धरला. तुमचं तर त्याहून अवघड. सात वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलेल्या बाँडवर माणूस आज राजीनामा देतो, हे कोण मानेल?

राहिलं ‘त्यानंच सोडलं’. पेरणीला गेलेला माणूस नोकरी सोडून गेला, असं आपोआप ठरत नाही. डी. के. यादव प्रकरणात कंपनीच्या स्थायी आदेशांतच, म्हणजे नोकरीच्या नियमांतच लिहिलं होतं की आठ दिवसांहून जास्त विनारजा गैरहजर राहिल्यास नोकरी संपली. तरीही १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हणणं न ऐकता काढलं म्हणून कामगाराला परत घ्यायला लावलं, वर मागचा निम्मा पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आली, पण वर्षभर सलग नोकरी झालेल्या माणसाला कमी करायचं तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार तिच्यातही आहेच. मिलमधला ऑपरेटर म्हणजे पाडव्याला बदलायचा सालगडी नव्हे.

आजच त्याच्या गावच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पत्र टाका, प्रत त्याच्या वकिलाला. ‘नाव कमी केलं होतं, ते परत घेतलं आहे, सात दिवसांत हजर व्हा आणि गैरहजेरीचा खुलासा द्या.’ ‘काढलंच नव्हतं’ असं लिहू नका, नवा माणूस मस्टरवर दिसतोच आहे. आला तर काम द्या. खुलासा पटला नाही तर रीतसर आरोपपत्र देऊन चौकशी लावता येईल. नाही आला, तर निदान इथून पुढच्या पगाराची त्याची मागणी लंगडी पडेल.

त्यालाच जायचं असेल, तर ग्रॅच्युइटी हिशेबात धरा. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल तर त्याला २६ नं भागून १५ नं गुणा : वर्षाला ७,५००, सात वर्षांचे ५२,५००. ही रक्कम तडजोडीत मोजू नका, ती त्याचीच आहे. आपले मालक लोक नेमकी तीच तडजोडीत मोजतात.

आणि त्या लाल रेघेला व्हाइटनर लावू नका. ती तशीच राहू द्या, शेजारी आजची तारीख टाकून ‘नाव पुन्हा घेतले’ लिहा आणि सही करा.