‘नसा मोकळ्या होणे’ : नस, शीर की धमनी?

कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, तालमीत ‘जोर मारले की नसा मोकळ्या होतात’ असे सर्रास म्हणतात. पण आरोग्यविषयक लेखात ‘व्यायामाने स्त्रियांच्या नसा पुरुषांइतक्या सुधारत नाहीत’ असे वाक्य आले, तर तेथे ‘नसा’ हा शब्द योग्य ठरेल का?

बोलण्यात तो चालतो, लेखात टाळावा. ‘नस दबली’ म्हणताना आपल्या मनात मज्जातंतू असतो, आणि सुई टोचताना ‘नस सापडत नाही’ म्हणतो तेव्हा रक्त हृदयाकडे परत नेणारी शीर. बैठका मारून उठलेल्या मल्लाच्या हातावर तटतटून दिसतात त्याही शिराच. वरील वाक्याचा विषय असलेल्या धमन्या बहुतेक ठिकाणी खोल असतात आणि मनगटाशी नाडीच्या रूपाने बोटांना लागतात. चरकसंहितेत सरणावरून, म्हणजे सरकण्या-वाहण्यावरून, ‘सिरा’ आणि ध्मानावरून, म्हणजे फुंकण्या-फुगण्यावरून, ‘धमनी’ अशी व्युत्पत्ती दिली आहे. ठोक्यासरशी फुगणाऱ्या वाहिनीला तो शब्द किती चपखल बसतो!

‘सुधारणे’ हे क्रियापदही फार मोघम आहे. रक्ताचा ओघ वाढला की धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते, भित्तिकेतील स्नायू सैल पडतात आणि धमनी रुंदावते. ही क्षमता मोजताना कोपराखाली पट्टा आवळून सुमारे 5 मिनिटे रक्तप्रवाह रोखतात आणि तो सोडल्यावर दंडातील धमनी किती रुंदावली हे सोनोग्राफीत पाहतात. तालमीतले ‘मोकळे होणे’ हे या तात्पुरत्या रुंदावण्याला शोभते. महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने जे टिकून राहते, त्याला ‘प्रसरणक्षमता वाढणे’ म्हणावे.

‘स्त्रियांच्या’ या सरसकट शब्दाला माझी सर्वांत मोठी हरकत आहे. नायट्रिक ऑक्साइड तयार होण्यास इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक हातभार लावते, त्यामुळे पुरुषांशी फरक ठळकपणे दिसतो तो ते घटल्यावर, म्हणजे रजोनिवृत्तीनंतर. त्या वयातही इस्ट्रोजेनच्या उपचाराची जोड मिळाल्यावर व्यायामाचा लाभ धमन्यांत दिसल्याचे अभ्यास आहेत. शिवाय हे एकाच मोजणीपुरते आहे; दमश्वास वाढणे, रक्तदाब आटोक्यात राहणे हे लाभ त्या स्त्रियांनाही मिळतात. तेव्हा वाक्य असे लिहावे : ‘दम वाढवणाऱ्या नियमित व्यायामाने मध्यमवयीन व वयस्क पुरुषांच्या धमन्यांची प्रसरणक्षमता वाढते, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये ही वाढ तितक्या सातत्याने आढळत नाही.’